पाच राजांचा नगारा

एकदा काय झालं, पन्नास राज्यं होती. एकाला एक लागून, गोधडीच्या ठिगळांसारखी. आणि सगळी आपसात भांडायची. आज याची गाय पळव, उद्या त्याची विहीर बुजव. लोक अगदी कावून गेले, बरं का. मग पन्नासच्या पन्नास राजे एका डोंगरावर गेले आणि तिथल्या साधुबाबांच्या पाया पडले. म्हणाले, "बाबा, आमची भांडणं थांबतील असं काहीतरी द्या."

बाबांनी त्यांना एक नगारा दिला. हा एवढा मोठा, आपल्या न्हाणीघराएवढा. म्हणाले, "कुणी कुणावर चाल करून गेला, की हा वाजवा."

"वाजवून तर दाखवा," राजे म्हणाले.

बाबांनी टिपरी हाणली. धडाम्! आणि काय सांगू, राजांच्या कमरेच्या तलवारींची झाली पडवळं! भाल्यांच्या झाल्या शेवग्याच्या शेंगा! ज्याच्या त्याच्या कमरेला नुसती भाजी लोंबायला लागली. त्या दिवशी डोंगरावर पन्नास राजे पडवळाची भाजी जेवले.

आता खरं तर सगळ्यांना आनंद व्हायचा. पण त्या पन्नासांत पाच राजे होते मोठे. त्यांच्याकडे तलवारी जास्त, म्हणजे पडवळंही जास्तच व्हायची. हे त्यांना परवडेना. ते म्हणाले, "नगारा छानच आहे. पण तो वाजवायचा, तर आम्हा पाचांचे हात टिपरीवर हवेत. एकानं जरी नको म्हटलं, तर वाजवायचा नाही." बाकीचे पंचेचाळीस होते लहान. मोठ्यांना कोण बोलणार? बरं, म्हणाले. साधुबाबांनी कपाळाला हात लावला, गुहेत गेले आणि आतून दगड लावून घेतला.

मग डोंगरावर सभा बसली. नगाऱ्यावर छप्पर आलं, गाद्या आल्या, लोड आले. आणि नगारा पुसायला, निरोप न्यायला, कुठे काय झालं ते वहीत लिहायला एक माणूस ठेवला. त्याचं नाव केरबा. गोल पोटाचा, गरीब स्वभावाचा. तो रोज सकाळी नगारा पुसायचा आणि मनात म्हणायचा, 'आपला नगारा आहे, तोवर जगाला काय भीती?' त्याला खरंच तसं वाटायचं हो.

त्या पाच मोठ्या राजांत एक होता ढोलसिंह. त्याच्या शेजारी होतं जांभूळपूर. एवढंसं राज्य. एक जांभळांची राई, एक तळं आणि तटाच्या आत एक गाव, संपलं. राई सांभाळायची ठकूबाई नावाची म्हातारी. एक दिवस ढोलसिंहाचे दोनशे शिपाई राईत घुसले. झाडावरची जांभळं खाल्ली, झाडाखालची खाल्ली, निम्मी झाडं तोडली आणि तिथेच तंबू ठोकले.

ठकूबाई डोंगर चढून सभेत आली. धापा टाकत सगळं सांगितलं.

ढोलसिंह म्हणाला, "ते माझे शिपाई नव्हेतच. माझे शिपाई जांभळं खातच नाहीत."

सभेनं शिपायांना बोलावलं. जीभ दाखवा म्हटलं. दोनशे जिभा बाहेर आल्या, सगळ्या जांभळ्या! मग सभेत वाद सुरू झाला. एक म्हणाला, ही जांभळी. दुसरा म्हणाला, मला तर करडी वाटते. तिसरा म्हणाला, जन्मतःच अशी असेल. चार दिवस सभा जिभा बघत होती. बिचाऱ्या शिपायांच्या जिभा सुकून गेल्या. शेवटी चार राजांनी टिपरीला हात लावला. केरबानं कानांवर हात ठेवले. आता वाजणार! पाचवा हात कुणाचा? तर ढोलसिंहाचाच.

"नको," ढोलसिंह म्हणाला.

झालं. केरबानं वहीत लिहिलं, 'नगारा वाजला नाही.' ठकूबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि ती डोंगर उतरली. त्या दिवशी केरबाला जेवण गेलं नाही.

मग महिन्याभरानं ढोलसिंहानं तळं घेतलं आणि काठावर तंबू ठोकले. ठकूबाई पुन्हा आली. या वेळी पाचांतलाच एक राजा, ढोलसिंहाचा व्याही, म्हणाला, "टिपरीला हात लावला तर आमच्या लेकीला सासरी काय तोंड राहील?" म्हणजे पुन्हा नकोच. मग सभेनं ठरवलं, निदान रागाचं एक पत्र तरी लिहू. पण शिपाई तळ्यावर 'घुसले' म्हणायचं, की 'आले', की 'पोचले', यावरच तीन दिवस गेले. शेवटी लिहिलं, 'तळ्याकाठी माणसं आढळली.'

पत्र ऐकून पंचेचाळीस लहान राजांनी फारच आरडाओरडा केला. तेव्हा सभा म्हणाली, "बरं, आपण शांतीचे राखणदार पाठवू." बारा माणसं निवडली. डोक्याला पांढरे फेटे बांधले. हातात काठी नाही, काही नाही. केरबाला केलं त्यांचा म्होरक्या. हुकूम काय? बघायचं, लिहायचं, मध्ये पडायचं नाही.

केरबा तळ्याच्या बांधावर बारा जणांना ओळीनं उभं करतो न करतो, तोच समोरून फौज आली. पुढचा शिपाई अगदी अदबीनं म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? तेवढी तोफ जाऊ द्या."

केरबानं हुकुमाचा कागद काढला. वरून वाचला, खालून वाचला. मध्ये पडायचं नाही. मग तो बाजूला झाला. तोफ गेली. पाठीमागून आणखी सात तळ्याकाठी गेल्या. एका तोफेचं चाक चिखलात रुतलं, तर राखणदारांनी सवयीनं हातही लावला.

हे सगळं ठकूबाई बघत होती. ती म्हणाली, "अरे केरबा, मग तुम्ही आलात तरी कशाला?"

"मावशी, आम्ही बघायला आलोय."

"बघायला काय, मलाही डोळे आहेत की!"

केरबा लाजेनं लाल झाला. फेटा काढावा आणि घरी निघून जावं, असं त्याला वाटलं. पण तो गेला नाही हं. तो तिथेच राहिला.

आणि मग तिसऱ्यांदा ढोलसिंह निघाला तो थेट गावावर. स्वतः हत्तीवर बसून आला. "जेवायच्या वेळेपर्यंत गाव जाळून मोकळे होऊ," म्हणाला. गावातली माणसं वेशीचं दार लावून आत बसली. तटावरून पोरांची डोकी दिसत होती. दाराबाहेर होते फक्त केरबा, त्याचे बारा राखणदार आणि ठकूबाई. ती पायरीवर फतकल मारून बसली होती. आत चल म्हटलं, तर म्हणाली, "माझे गुडघे दुखतात. मी नाही उठत."

शिडी घेऊन पहिला शिपाई आला. कोवळाच होता, मिसरूड नुकतं फुटलेलं. ठकूबाईनं डोळ्यांवर हात धरून त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कुणाचा रे तू?"

"मी? महाराजांचा."

"ते नव्हे रे. घरचा कुणाचा?"

"करंजखोऱ्यातल्या गोजराबाईंचा."

"लिही रे केरबा," ठकूबाई म्हणाली.

लिहायचा तर हुकूम होताच. केरबानं वही उघडली. "नाव?"

"सोपान."

"सोपान, गोजराबाईंचा मुलगा. काय करतोयस?"

"शिडी लावतोय."

"कशाला?"

"आत जायला."

"आत जाऊन काय करणार?"

सोपाननं वर बघितलं. तटावरून एक शेंबडी पोर त्याच्याकडे टकामका बघत होती. तो खाली मान घालून पुटपुटला, "घरं जाळायची आहेत."

"जरा मोठ्यानं. ऐकू नाही आलं."

"घरं जाळायची आहेत!" सोपान ओरडला आणि कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "काका, हे लिहिलेलं जातं कुठे?"

आता खरं सांगायचं, तर केरबाच्या सगळ्या वह्या सभेतल्या एका पेटीत जायच्या. त्या कुणीसुद्धा वाचल्या नव्हत्या. केरबा तसंच सांगणार होता. पण त्याची नजर ठकूबाईकडे गेली. आणि त्याला आठवलं, हुकुमात काय काय करू नका ते लिहिलं होतं. वाचून दाखवू नका, असं कुठेच नव्हतं!

केरबा म्हणाला, "ही वही मी करंजखोऱ्यात नेणार. गोजराबाईंना समोर बसवून वाचून दाखवणार."

सोपानच्या हातातली शिडी खालीच आली. "आईला?"

"आईला."

"काका, मी शिडी लावली नव्हती हं. नुसती धरली होती. तसं लिहा." आणि तो जो पळाला, तो वळून बघेना.

मग दुसरा आला, तिसरा आला. ठकूबाई एकेकाला विचारायची, "कुणाचा रे तू?" बारा राखणदारांनीही कागद काढले आणि लिहायला बसले. एकानं खोटं नाव सांगितलं, तर मागचा म्हणाला, "अहो, हा आमच्या शेजारचा धोंडू. याची आई फार तापट आहे." कुणाच्या पोटात दुखायला लागलं. कुणाला घरची म्हैस विणार असल्याचं आठवलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत वेशीपुढे शिड्यांचा ढीग पडला आणि फौज झाली गायब.

हत्तीवर ढोलसिंह एकटाच ओरडत होता, "हल्ला! हल्ला!"

ठकूबाईनं मान वर केली. राजाकडे नाही बघितलं, माहुताकडे बघितलं. "आणि तू रे बाबा, कुणाचा?"

माहुतानं हत्ती वळवला आणि हाकायला लागला. राजा पाठीमागे तोंड करून "हल्ला, हल्ला" ओरडतच घरी गेला.

पुढे सभेत ढोलसिंह म्हणाला, "मी तर फेरफटका मारायला गेलो होतो." सभेनं तेही लिहून घेतलं. नगारा काही वाजला नाही. पण केरबानं दिलेला शब्द पाळला. वही काखेत मारून तो गावोगाव हिंडला आणि एकेका आईला वाचून दाखवत गेला.

मग काय विचारता! गोजराबाईंनी सोपानचा कान धरला आणि त्याला कुदळ देऊन जांभूळपूरला धाडलं, राई पुन्हा लावायला. तापट आईचा धोंडूही आला. राईतले आणि तळ्यावरचे तंबूही तोफांसकट एकेक करून उठले, कारण तिथल्या शिपायांनाही आया होत्याच की. ठकूबाई पायरीवरून सांगायची, "खड्डा खोल घे रे, मूळ आत जाऊ दे." झाडं मोठी व्हायला पुष्कळ वर्षं लागली. तोडायला एक दिवस पुरला होता, बरं का. पण झाली मोठी. केरबानं तिथेच शेजारी घर बांधलं आणि जांभूळपूरची माणसं सुखानं राहिली.

संपली गोष्ट. आता पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा. आणि तू रे, उशी ओढू नकोस तिची. निजा गुपचूप.