हरणांचा गालिचा

एका राज्यात चारुमती नावाच्या राणीला सात रात्री झोप नव्हती. तिच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, वेणूच्या पायांवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. राणीनं चार शास्त्रं वाचलेली. त्यामुळे तिला एका पुरळाची चार कारणं सुचत, आणि चारही वाईट.

शेवटी तिनं एक कारण धरलं. वेणूचा कुत्रा, खारीक. त्याच्या अंगावर पिसवा होत्या, त्या राणीनं डोळ्यांनी पाहिल्या. तिनं त्याला वेशीबाहेर सोडायला लावलं. वेणू रडली नाही. तिनं बोलणंच टाकलं.

पिसवा मात्र दुप्पट झाल्या. आता त्या राणीलाही चावू लागल्या.

"माझंच चुकलं का?" राणी आरशाला दिवसातून दहादा विचारी. आरशासमोर उभं राहूनही केस विंचरायचं तिला सुचत नसे.

एके दिवशी खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. म्हशींच्या पाठीवर वाढलेली ती, पण तिला माणसांची भाषा येई.

"राणीसाहेब, कुत्रा हाकललात. पिसवांनी जेवायचं कुणाकडे?"

राणीनं चावलेला हात खाजवला.

"पलंगाखाली पाहा."

पलंगाखाली राणीनंच हौसेनं पसरलेला गालिचा होता. राजानं तो एका मायाव्याच्या खजिन्यातून जिंकून आणलेला. त्यातली सोनेरी हरणं तिन्हीसांजेला हलत. दरबार म्हणे, नाचतात.

"नाचतात कसली," साळुंकी म्हणाली, "खाजवतात बिचारी. शंभर वर्षं झाली. पिसवांचं घर ते. आणि त्या गालिच्याला शाप आहे: जो तो पसरील, तो दोष भलत्यालाच देईल."

राणीचा चेहरा उतरला. "उतारा?"

"तीन कामं. तिन्ही स्वतःच्या हातानं."

"मला जमेल?"

"मी काय सांगू? मी पक्षी."

साळुंकीनं सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवशी राणीनं अंथरुणं-पांघरुणं उकळत्या पाण्यात बुचकळली. बोटं पोळली. दुसऱ्या दिवशी गालिचा उन्हात बडवला, फरशीच्या फटी झाडल्या, केर जाळला. धुळीतून मिठाच्या कणांसारखी अंडी पडली. संध्याकाळी हरणांचं खाजवणं थांबलं, पण डोळे टक्क उघडेच राहिले.

तिसऱ्या दिवशी ती वेशीबाहेर गेली. जिथं सोडला तिथंच खारीक बसला होता. खाजवून खाजवून शेपटीजवळचे केस गेलेले. राणी मातीत बसली.

"खारीक, दोष तुझा नव्हता. माझ्या घरातूनच त्या तुझ्यावर चढल्या. घरी चल."

हे शब्द निघाले आणि इकडे महालात हरणांनी डोळे मिटले.

राणीनं खारीकला रिठ्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. बारीक दातांच्या फणीनं विंचरलं, दर वेळी फणी गरम पाण्यात बुडवली.

"अंडी चिवट असतात," साळुंकी म्हणाली. "एकवीस दिवस हेच करा."

राणीनं तेच केलं. वेणू रोज दारात उभी राहून पाही, मुकी. एकविसाव्या दिवशी फणी कोरी निघाली. वेणूचे पायही स्वच्छ झाले होते. पण ही आपल्याशी आता कधी बोलेल का, हे राणीला कुठल्याच शास्त्रात सापडेना.

तेवढ्यात वेणू पुढे आली. आईच्या हातातली फणी घेतली, गरम पाण्यात नीट बुडवली, आईच्या गुंतलेल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाली,

"आता तू बस. तुला कुणी विंचरलंच नाही."