साळिंदर आजोबांची खळखळ

माळावरच्या वडाखाली, कोणे एके काळी, एक साळुंकी रोज संध्याकाळी गोष्ट सांगायची. सगळ्यांना तोंडपाठ असलेली भित्र्या सशाची गोष्टच ती घ्यायची, पण दर वेळी तिला नवं वळण द्यायची.

एकदा तिनं गोष्टीतल्या सशाच्या रानात वणवा पेटवला. ऐकायला बसलेली खार अर्ध्यातूनच पळून गेली. तिचं पिल्लू खऱ्याखुऱ्या वणव्यातच गेलं होतं.

"आधी सांगायचं होतंस गं," साळिंदर आजोबा म्हणाले.

"आधीच सांगितलं तर गोष्टीत राहिलं काय?" साळुंकी फणकारली.

"मी येताना सगळ्यांना आधी कळावं म्हणून काटे खळखळवतो. त्यानं माझा एक तरी काटा बोथट झालाय का?"

दुसऱ्या संध्याकाळी साळुंकी सुरुवातीलाच म्हणाली, "आजच्या गोष्टीतही वणवा आहे. ज्याला नको असेल, त्यानं खुशाल उठावं."

खार उठून गेली. साळुंकीचा चेहरा उतरला, तरी गोष्ट सुरू न करता ती थांबून राहिली.

थोड्या वेळानं खार परतली, ती शेजारच्या लांडोरीला घेऊनच. तिच्या पंखाखाली शिरून म्हणाली, "सांग आता. काल मी एकटी होते."