श्वेइमन गावचे फिके छीलिन

आमच्या श्वेइमन गावात चहाला येणारी जाणकार मंडळी आधी नाक मुरडतात. चहाच्या तबकात मातीचा प्राणी ठेवायचा, पहिल्या पाण्याचा चहा आपण न पिता त्याच्या अंगावर ओतायचा, मऊ कुंचल्याने तो हळूहळू जिरवायचा, ही रीत चीनमध्ये ठिकठिकाणी आहे. साबण नाही, चिंधी नाही, नुसता चहा. असं वर्षानुवर्षं पोसलं की कोरडी माती काळसर तांबूस होते, तुपाचा हात फिरवल्यासारखी चमकते. घराणं जितकं जुनं, तितका प्राणी काळा. आणि आमचं गाव एवढं जुनं असून घरोघरचे हे मातीचे छीलिन बघावेत, तर कालच भट्टीतून काढल्यासारखे फिके! लोकांना वाटतं, इथल्या बायका आळशी. वाटू द्या. बसा, पाणी उकळेपर्यंत ऐका.

छीलिन म्हणजे जुन्या कथांमधला प्राणी, अंगावर माशाचे खवले, पायांना हरणाचे खूर आणि कपाळावर शिंग. इतका दयाळू, की त्याच्या खुराखाली गवताचं पातंसुद्धा मोडत नाही, असं सांगतात. पण त्याच्यासमोर उच्चारलेला शब्द माघारी घेता येत नाही. घेतला, तर तो घर सोडतो आणि घरातलं लेकरू सोबत नेतो. इथंच तर घोडं पेंड खातं.

फार पूर्वी गावात फांगबाई नावाची विधवा राहायची. तिचा छीलिन सगळ्या पंचक्रोशीत काळाभोर. आधी तिच्या सासूने पोसलेला, मग तिने. तिची यून नावाची लेक लहानपणीच तापाने गेली. यून होती तेव्हा रोज आपल्या इवल्याशा पेल्यातला चहा छीलिनच्या उजव्या पुढच्या पायावर ओतायची. तो पाय तिचा, असं मायलेकींनी ठरवून टाकलेलं. पोर गेल्यावर फांगबाई रोज आधी त्या पायावरून बोट फिरवायची आणि मगच किटली उचलायची.

पुढे तिच्या मुलाचं लग्न झालं. सून आली ती दूरच्या मिठागरांकडची, हुइल्यान नावाची. तिच्या माहेरी चहा प्यायचे ते मोठ्या वाडग्यातून, घटाघट. प्राणी पोसणं वगैरे तिने कधी पाहिलंच नव्हतं. नव्या वर्षाची साफसफाई निघाली तेव्हा बिचारी उत्साहाने कामाला लागली. भांडी घासली, चौरंग घासला, मग तिची नजर छीलिनवर गेली. किती मळलाय हा, म्हणून तिने राख घेतली, रेती घेतली आणि पायापासून सुरुवात केली. नेमका उजवा पुढचा पाय!

फांगबाई आत आली तेव्हा तो पाय कोरा करकरीत झाला होता. तिला ब्रह्मांड आठवलं. ती ओरडली, “या पायाचा रंग बाकीच्या अंगासारखा होईल, तेव्हाच तू या चौरंगाशी बसशील!”

शब्द तोंडातून सुटला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला, म्हणे. पण समोर छीलिन होता. आमच्या गावात चहाच्या चौरंगाशी ज्याला जागा नाही, तो त्या घराचा नाही. हुइल्यान त्या दिवसापासून दारात उभी राहून किटली द्यायची आणि घ्यायची. नवऱ्याने एकदा विषय काढला, पण आईने मान फिरवली.

हुइल्यानने मात्र कंबर कसली. रोज छीलिनला चहा घालायची, वर उरलेली पत्ती दाट उकळून त्या पायावर ओतायची, कुंचल्याने जिरवायची. पाय रंग धरू लागला तसा तिला धीर आला. आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की पाय काळा होतोय खरा, पण अंगही तर रोज काळं होतंय! अंगाला उपाशी ठेवावं, तर तेही पाप. आपण या घरात कधीच बसणार नाही, हे तिला कळलं आणि ती परसात जाऊन ढसाढसा रडली.

तिला मुलगी झाली. ती आजीच्या मांडीवर बसून चहा प्यायला शिकली. एकदा हुइल्यान किटली घेऊन आत आली, तिचं डोकं गरगरलं आणि ती चौरंगाच्या कडेला जरा टेकली. तशी पोरीने तिला दोन्ही हातांनी ढकललं. “ऊठ! तू इथली नाहीस.”

हुइल्यान उठली. फांगबाईने नातीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग चुलीतली राख आणली, रेती आणली आणि छीलिनला मांडीवर घेतलं.

“आई, नको!” हुइल्यानने तिचे हात धरले. “तुमचा जन्म गेलाय यात. तुमच्या सासूबाईंचाही.”

“यूनचं होतं ते गेलं, पोरी. आता माझंही जाऊ दे.”

पाठ घासली, पोट घासलं, एकेक खवला घासला. बोटं सोलवटली तरी ती थांबली नाही. संध्याकाळपर्यंत सगळा छीलिन त्या पायापेक्षाही फिका झाला, तेव्हा तिने पायावरही राखेचा एक हात मारला आणि तो तबकात ठेवला. “बघ, झाला ना एकसारखा? शब्द पुरा झाला. बस आता.”

हुइल्यान बसली. पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. दोघीही नुसत्या त्या कोऱ्या प्राण्याकडे बघत राहिल्या, असं सांगतात.

आजही श्वेइमनमध्ये सून घरात यायच्या आधी सासू आपल्या हाताने छीलिन घासून कोरा करते आणि पहिला चहा दोघी मिळून ओततात. गाणीबिणी नाहीत त्याला. बऱ्याच जणी दार लावून घेतात.

तुमच्यासमोर हा जो काळा छीलिन आहे, तो माझा. माझे मालक होते तेव्हा सकाळचा चहा तेच त्याला घालायचे. परवा आमच्याकडे सून येतेय. राख चाळून ठेवली आहे, रेती धुऊन ठेवली आहे. हात धजत नाही अजून.