हेव्यावर जळणारं धुपाटणं

एका राज्यात दोन जावा होत्या, आणि दोघींच्या महालांमध्ये अंगण एकच होतं. थोरली हेमकला, राजाची राणी. धाकटी चारुमती, राजाच्या धाकट्या भावाची बायको. राज्यात सोनंनाणं होतं, हत्तीघोडे होते, पण हेमकलेला दिसायचं ते एवढंच, की चारुमतीला तीन मुलं आहेत आणि आपली कूस सात वर्षं रिकामी आहे.

चारुमतीच्या जाईला बहर आला की हेमकला आपली खिडकी लावून घ्यायची. पलीकडून चारुमतीचं हसू ऐकू आलं की हिचा घास हातातच राहायचा. एकदा राजा सहज म्हणाला, "धाकट्यांच्या महालात काय गार वारा लागतो!" झालं. दुसऱ्याच दिवशी राणीने हुकूम सोडला, की आजपासून महालातला सगळा पालापाचोळा, चिंध्या, केरकचरा अंगणात पश्चिमेकडे, धाकटीच्या खिडकीखाली जाळायचा. पहिला ढीग तिने आपल्या हाताने पेटवला.

"लागू दे म्हणावं आता गार वारा," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं.

आठव्या वर्षी तिला मुलगा झाला. जयशेखर त्याचं नाव. बारशाला चारुमती आली, तिने रडतं बाळ मांडीवर घेतलं, आणि बाळ गप्प झालं. आईच्या मांडीवर घटकाभर टाहो फोडत होतं ते, आणि तिच्या मांडीवर गप्प! सगळ्या बायका कौतुकाने हसल्या. हेमकलाही हसली, पण कशी हसली ते तिचं तिला माहीत. दुसऱ्या दिवशी बाळाला शिंक आली.

"लागली," राणी म्हणाली. "तिची दृष्ट लागली."

मीठमिरच्या ओवाळून झाल्या. राणीचं समाधान होईना. तेव्हा मोरीच्या वाटेने काजळ्या मांत्रिक आला. त्याला सावली नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"राणी, काय हवं?"

"माझ्या मुलाला तिच्या श्वासाची हवा लागू नये."

"एवढंच ना?" मांत्रिकाने झोळीतून सोन्याचं धुपाटणं काढलं. सात राजांच्या खजिन्यांतून फिरत आलेलं ते धुपाटणं, आणि सातही राजे निर्वंश झालेले. हे त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. "खोलीच्या दोन्ही खिडक्या शिसं ओतून बंद कर. याचा धूर आत आहे तोवर दुसऱ्याचा श्वास आत यायचा नाही. कोळसा घालावा लागणार नाही."

"मग हे जळणार कशावर?"

"तुझ्याकडे सरपण पुष्कळ आहे, राणी."

"आणि मोबदला?"

"याचं झाकण भरलं की घेऊन जाईन," मांत्रिक म्हणाला, आणि मोरीतून निघून गेला.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायचीच. ओवा, वावडिंग, शेपा यांची धुरीही असायची. त्यामुळे त्या धुराचं कुणाला नवल वाटलं नाही. राणी पाळण्यापाशी बसायची, चारुमतीचं काहीबाही मनात आणायची, आणि मनात काही आलं की धुपाटण्यात निखारा फुलायचा. चारुमतीने आज नवी पैठणी नेसली म्हणे, की एक निखारा. चारुमतीचा थोरला घोड्यावर बसायला शिकला म्हणे, की दोन निखारे. अशा सरपणाला काय तोटा!

सहा महिने गेले. भिंती काळ्या पडल्या, पाळण्याची चांदी काळी पडली. बाळाच्या छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येऊ लागला. दूध पिताना त्याला धाप लागे, आणि नखं जांभळी दिसत. राजवैद्य आले, खोलीत पाऊल टाकताच त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

"राणीसाहेब, आधी खिडक्या उघडा. औषध मागाहून."

"तुम्ही आत्ता कुठून येताय?"

"धाकट्या बाईंकडून. त्यांच्या लेकीला, मनूला..."

"म्हणजे तिच्याकडची हवा अंगावर घेऊन आलात! व्हा बाहेर."

वैद्य गेले. मनूला काय झालंय, हे त्यांच्या तोंडातच राहिलं.

आणि मग एका सकाळी बाळ रडेनासं झालं. रडायला लागतो तेवढाही श्वास त्याच्याजवळ नव्हता. हेमकलेने त्याला छातीशी धरलं आणि ती हंबरडा फोडणार, इतक्यात वरच्या झरोक्यातून कुणी खोकलं. तिथे एक साळुंकी बसली होती, धुराने कावळ्यासारखी काळी झालेली.

"राणी, झाकण उचलून बघ," साळुंकी म्हणाली.

राणीने झाकण उचललं. आतून ते निळ्या मोत्यांनी खच्चून भरलं होतं.

"तुझ्या मुलाचा अडलेला एकेक श्वास इथे मोती होऊन बसलाय. आता एकाच मोत्याची जागा उरली आहे. सूर्य मावळला की काजळ्या येईल आणि मुलाचा शेवटचा श्वास घेऊन जाईल."

"यावर पाणी ओतते!"

"पाण्याने विझत नाही. मातीने विझत नाही. तीन कामं आहेत, आणि ती तुझ्याच हाताने व्हायला हवीत. दासीला सांगायचं नाही."

"सांग, बाई, लवकर सांग!"

"पहिलं काम. खोलीत वारा आण."

राणीने कट्यार घेतली आणि पूर्वेच्या खिडकीचं शिसं खरवडलं. नखं तुटली, बोटं सोलवटली, पण खिडकी उघडली. बाहेर बाग डोलत होती. आत मात्र धूर जागचा हलला नाही.

"वारा येत का नाही?"

"आला तर जाईल कुठून? त्याला जायला समोर वाट नाही."

समोर पश्चिमेची खिडकी होती, दोघींच्या अंगणावर उघडणारी. हेमकला तिच्यापुढे नुसती उभी राहिली. ती खिडकी उघडायची म्हणजे चारुमतीचं दार दिसणार, तिची जाई दिसणार, तिची गुबगुबीत पोरं दिसणार. मनात एवढं येताच धुपाटण्यात निखारा फुलला आणि बाळाने तोंड वासलं. राणीने दात ओठांवर रोवले आणि खिडकी फोडली.

भपकन वारा आत आला, आणि वाऱ्याबरोबर जाईचा दरवळ नव्हे, चिंध्या जळाल्याचा उग्र, काळा धूर आत आला. बाळ आणखीनच घुसमटलं.

"बघ, बघ! तिच्याकडची हवाच विषारी!" राणी किंचाळली.

"तिच्याकडची की तुझी?" साळुंकीने विचारलं. "तो ढीग कुणी पेटवला? दुसरं काम, तो विझव."

राणीने बाळाला पदराने पोटाशी बांधलं आणि ती अनवाणी जिना उतरली. ढीग दोन वर्षांचा झाला होता, वरून राख आणि आतून धगधगता. तिने आडाचा रहाट ओढला. जन्मात कधी तांब्या न उचललेली राणी घागरीमागून घागर ओढत राहिली. पाणी ओतायची, फावड्याने खालचं वर करायची, पुन्हा ओतायची. दासी सज्जात उभ्या राहून बघत होत्या.

दुपार कलली तेव्हा शेवटचा धूर विरला. पडदा बाजूला सरावा तसं समोरचं दिसायला लागलं, आणि हेमकला बघतच राहिली.

चारुमतीच्या महालाच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. जाईचा वेल कधीच वाळून गेला होता. आणि पायरीवर चार वर्षांची मनू, चारुमतीची धाकटी लेक, गुडघ्यांवर हात टेकून ओणवी बसली होती. तिच्या छातीतून मांजर गुरगुरत होतं. तेच मांजर. त्याचं गुरगुरणं हेमकलेला पाठ होतं.

ज्या घराचा ती आठ वर्षं हेवा करत होती, ते घर तिने इतक्या वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"तिसरं काम," खांद्यावर येऊन साळुंकी म्हणाली. "जिच्या श्वासाला भ्यालीस, तिच्याच मांडीवर मूल दे."

चारुमती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत पायरीवर बसली होती. हेमकला पुढे गेली.

"चारुमती, बाळाला घे."

चारुमतीने हात पुढे केले नाहीत. "कशाला, थोरल्या बाई? उद्या त्याला शिंक आली की माझ्या नावाने मिरच्या ओवाळाल."

"नाही ओवाळणार."

"आणि ही माझी मनू? तीनदा निरोप धाडला, ढीग हलवा, पोरीला श्वास घेता येत नाही. तिन्ही वेळा तुमची दासी म्हणाली, राणीसाहेब झोपल्यात."

"झोपले नव्हते," हेमकला म्हणाली. "जागी होते. सगळं ऐकत होते. मला बरं वाटत होतं."

वर खोलीत एक निखारा काळा पडला. साळुंकी तिच्या कानाशी म्हणाली, "बोल, राणी. मनात दाबलेलाच हेवा त्याला जळायला लागतो. तोंडाने बोललेला पेट घेत नाही."

मग हेमकला बोलली. आठ वर्षांचं बोलली. "तुझ्या पोरांचा मला हेवा वाटतो. तुझ्या हसण्याचा वाटतो. तुझ्याकडच्या वाऱ्याचासुद्धा वाटला, आता बोल! त्या दिवशी हा तुझ्या मांडीवर गप्प झाला, तेव्हा तू मरावीस असं मला वाटलं."

चारुमती म्हणाली, "हे मला ठाऊक आहे. साऱ्या राज्याला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून तेवढं आज ऐकलं." आणि तिने हात पुढे केले.

बाळ तिच्या मांडीवर गेलं. तेवढ्यात सूर्य टेकला, आणि पश्चिमेच्या खिडकीत काजळ्या मांत्रिक उभा राहिला. हातात धुपाटणं, त्यात एकच निखारा जिवंत.

"राणी," तो हळूच म्हणाला, "आता ती काही तुला मूल परत देत नाही. बघ कसं बिलगलंय."

बाळ खरंच बिलगलं होतं. हेमकलेच्या मनात पुन्हा हेवा आला. निखारा लालभडक फुलला, बाळाची मान कलंडली, झाकणात शेवटचा मोती धरू लागला. राणीने डोळे मिटले.

"चारुमती, मला भीती वाटते गं! तू याला परत द्यायची नाहीस!"

"वेड्या आहात का?" चारुमती म्हणाली. "रात्री दूध पाजायला काय मी येणार आहे?"

सज्जातली एक दासी फिस्सकन हसली. निखारा विझला. झाकणातले मोती एकामागून एक फुटले, आणि प्रत्येक मोत्यातून एकेक श्वास निघून अंगण ओलांडत बाळाच्या नाकाशी आला. बाळाने छातीभर हवा घेतली, आणि असा टाहो फोडला की राजा दरबार सोडून धावत आला. काजळ्याचं काय झालं? त्याच्या जागी भिंतीवर काजळीचा ओरखडा तेवढा उरला. सकाळी दासीने त्यावर चुना मारला.

मागे राहिलेलं सोन्याचं धुपाटणं वितळवून त्याचे आठ खिडक्यांना कडीकोयंडे केले. वैद्यांना मानाने बोलावून आणलं. त्यांनी सांगितलं तसं राज्यात ठरलं. चुलीवर धुराडं हवं, समोरासमोर दोन खिडक्या हव्यात, झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, आणि पालापाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात पुरायचा. लोक कुरकुरले. लोक कुरकुरायचेच. पण वर्षाच्या आत मनू पायरीवरून उठून पळायला लागली, मग तेही गप्प झाले. ढिगाच्या जागी दोघी जावांनी एकेक कडुनिंब लावला, आणि कुणाचं रोप जास्त सरळ यावरून तिथेही भांडल्या.

अजूनही चारुमतीच्या मांडीवरून उचललं की जयशेखर रडायचा.

"याचा मला फार राग येतो हं," हेमकला म्हणायची.

"येऊ द्या की," चारुमती म्हणायची. "उचला आता, ओला झालाय."

अशी दोन जावांची कहाणी. सांगणाऱ्याचा श्वास इथे पुरा झाला. ऐकणाऱ्याने आधी उठून खिडकी उघडावी, मग पानावर बसावं.