कासव्या खडकावरचा रुमाजी

आपल्या पणजोबांनीसुद्धा ही गोष्ट ऐकलीच होती, पाहिली नव्हती, इतकी ती जुनी. तेव्हा समुद्रात शिडाची जहाजं चालत आणि वेळसुऱ्याच्या खाडीत किल्ल्याची तीन गलबतं नांगरलेली असत. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली कासव्या खडक आहे. भरतीला तो दिसत नाही. त्याला वळसा घालून जहाज आत आणावं ते रुमाजीनंच. दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायचं आणि खोली लांब सुरात सांगायची, हे त्याचं काम. दोन हात पसरले की होतो एक वाव. "चार वाव पाणी..." असा त्याचा आवाज निघाला की किल्ल्यावरचा पहारेकरीही वळून बघे, असं म्हणतात.

एका वर्षी रुमाजीची होडी फिरंग्यांनी बाहेरच्या समुद्रात पकडली. काही दिवसांनी बातमी आली की त्याला त्यांच्या मोठ्या जहाजावर चढवलंय, आणि ते जहाज गलबतं जाळायला खाडीत येणार आहे. गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. त्याची बायको आवडाबाई विहिरीवर आली की बाकीच्या बाया घागरी उचलून निघून जाऊ लागल्या. ती कोणाशी भांडली नाही.

रुमाजीचा धाकटा भाऊ धाकोजी एका गलबताचा तांडेल होता. तो वहिनीच्या दारात आला, पण आत गेला नाही.

"वहिनी, दादानं वाट दाखवली तर पहिला गोळा मलाच टाकावा लागेल."

"टाका," ती म्हणाली. "पण आधी नीट ऐका. त्यांचा आवाज तुम्ही ओळखता."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी धुकं असं उतरलं की गलबतावरच्या माणसाला आपलंच शीड दिसेना. भरती चढत होती. तिन्ही गलबतं काठाला लागून दबा धरून होती. आणि मग धुक्यातून दोरांची करकर ऐकू आली, आणि त्या करकरीच्या पुढून ओळखीचा आवाज आला.

"पाच वाव पाणी..."

गलबतावरचे सगळे खलाशी धाकोजीकडे बघू लागले. गोलंदाज हळूच म्हणाला, "तांडेल, आवाजावर नेम धरतो. बत्ती देऊ?"

तेवढ्यात पुन्हा आवाज आला, आता जवळून.

"चार वाव पाणी... उजवीकडे घ्या..."

"थांब," धाकोजी म्हणाला. "उजवीकडे कासव्या आहे. तिथं एक वावसुद्धा पाणी नाही."

त्यानं गोलंदाजाचा हात धरून ठेवला. धुक्यात जहाज वळल्याचा आवाज झाला. मग खालून, खाडीच्या पोटातून, लाकूड फाटल्याचा आवाज आला. डोलकाठी कडाडून मोडली. जहाज खडकावर एका अंगाला कललं. त्याच्या एका बाजूच्या तोफा आकाशाकडे आणि दुसऱ्या बाजूच्या पाण्याकडे वळल्या.

मग तिन्ही गलबतं त्याच्या पाठीमागून गेली. फिरंगी बंदुकांनी लढले, आपली सात-आठ माणसं पडली. पण धुकं विरलं तेव्हा जहाजावरचं निशाण खाली आलेलं होतं. एवढीच लढाई.

धाकोजी जहाजावर चढला आणि भावाला हाका मारत फिरला. खालच्या कोठारात बघितलं, शिडाखाली बघितलं. शेवटी त्यानं इनास नावाच्या एका कैदी खलाशाला धरलं. तो गोव्याकडचा होता, त्याला आपली भाषा येत होती.

"माझा भाऊ कुठं आहे?"

"तो मेला," इनास म्हणाला. "वाट दाखवायला नाही म्हणाला. उपाशी ठेवला, ताप चढला. मागच्या अमावास्येला शिडाच्या कापडात शिवून आम्हीच पाण्यात सोडला."

"मग आत्ता ओरडत कोण होतं?"

इनासनं छातीवर क्रूस काढला. "कप्तानाला वाटलं, आमच्यातलाच कोणी गोव्याकडचा खलाशी खोली मोजून वाट सांगतोय. आवाज नाळेवरून येत होता, जहाजाच्या पुढच्या टोकावरून. मी बघायला गेलो. तिथं कोणी नव्हतं. फळ्या तेवढ्या ओल्या होत्या. माझ्या अगदी शेजारून त्याचाच आवाज निघाला आणि सुकाणूवाल्यानं चाक फिरवलं. मला ओरडायचं होतं, पण जीभ उचलेना."

संध्याकाळी गाव आवडाबाईच्या दारात जमलं. सगळे मान खाली घालून उभे होते. बोलायला कोणी पुढं होईना, तेव्हा धाकोजी पुढं झाला. त्यानं तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली,

"ठाऊक आहे मला. पहाटे उंबऱ्यापाशी पाणी साचलेलं होतं. बोट बुडवून चाखलं, तर खारट होतं. तेव्हाच मी कुंकू पुसलं."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गावच्या बायांनी तिची घागर आधी भरली, असं म्हणतात.

वेळसुऱ्यात अजूनही नवी होडी पाण्यात उतरली की पहिल्या फेरीला नाळेवर कोणी बसत नाही. मालक तिथं एक नारळ ठेवतो आणि म्हणतो, "रुमाजी, चला." मग कासव्या ओलांडेपर्यंत कोणी बोलत नाही. समुद्र शांत असतो, पुढं काही वजन नसतं, तरी होडी नाळेकडून जराशी दबलेली असते. खडक मागं पडला की ती हळूच वर येते.