हौसाबाईनं डेअरीचा प्रोग्राम बांधला

एका गावात एक भोळी सासू होती. झालं, इथंच लोक हसायला लागतात. सासू आणि भोळी? हौसाबाईनं हे सगळ्यांना सांगून पाहिलं. शेजारणीला सांगितलं, विहिणीला सांगितलं, एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं. "मी मनानं काहीसुद्धा केलं नाही हो. सून बोलली तस्संच केलं." कुणाचा विश्वास बसला नाही. "सुनेचं ऐकणारी सासू? मग तर तू नक्कीच खोटं बोलतेस," असं ती एस्टीतली बाई म्हणाली आणि पुढच्या थांब्याला उतरून गेली.

पण खरं ते खरं.

हौसाबाई चौथी पास. आवाज असा, की तिनं घरात हाक मारली तर ओढ्यापलीकडचं कुत्रं उठून उभं राहायचं. डोकं मात्र एका खणाचं. त्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. म्हणून कुणी काही शिकवलं की ती पदराला गाठ मारायची. गाठ दिसली की शिकवलेलं आठवायचं. आणि आठवलं की समोर जे असेल त्याला ते लावायचं.

तिची सून मृदुला कॉम्प्युटरवाली. लग्न होऊन गावात आली तेव्हाच म्हणाली होती, "आई, इथं काम मिळालं तर राहू. नाहीतर आम्हाला दोघांना पुण्याला जावं लागेल." हौसाबाईला सून हवी होती. मुलापेक्षा जास्त हवी होती. मुलगा काय, ऐकून घ्यायचाच नाही. सून ऐकायची तरी.

तेव्हाच गावच्या दूध डेअरीला नवा प्रोग्राम हवा होता. दूध काट्यावर ठेवलं की वजन आपोआप लागावं, पावती बाहेर यावी. चेअरमन बाळकूतात्यांना हे काम आपल्या मेव्हण्याला, प्रफुल्लला, द्यायचं होतं. हौसाबाई भर सभेत उभी राहिली आणि ओरडली, "माझी सून असताना मेव्हणा कशाला?" पंखे चालू होते तरी सगळ्यांना ऐकू गेलं. शेवटी ठरलं, की शनिवारच्या संध्याकाळच्या दुधाला प्रोग्राम नीट चालला तर काम मृदुलाचं. नाही चालला तर प्रफुल्लचं.

आणि शनिवारी सकाळी मृदुलाचे डोळे आले.

लाल भडक. चिकटलेले. डॉक्टर म्हणाले, स्क्रीनकडं बघायचंसुद्धा नाही. मृदुला डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून कॉटवर पडली आणि रडायला लागली. डोळे आलेल्या माणसाचं रडणं काही बरं दिसत नाही.

"ऊठ," हौसाबाई म्हणाली. "तू सांग. मी करते."

"तुम्ही?"

"मला एबीसीडी येते. तू काय करायचं ते सांग, मी बोट ठेवते."

मृदुलानं समजावलं. प्रोग्राम म्हणजे काही एक सलग गोष्ट नाही. त्याचे तुकडे असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक तुकडा वजनाचा, एक फॅटचा, एक नावांचा, एक पावतीचा. मशीनच्या आतच एक हत्यार असतं, ते हे तुकडे सांधून प्रोग्राम बांधतं. त्याला बिल्ड म्हणतात. एक तुकडा जरी सापडला नाही, तरी ते अडून बसतं आणि लाल अक्षरात ओरडतं.

"म्हंजे माझ्यासारखंच," हौसाबाई म्हणाली आणि बटण दाबलं.

मशीन लाल ओरडलं. हौसाबाईनं एकेक अक्षर वाचून दाखवलं. मृदुलाच्या लक्षात आलं. "वजनाचा तुकडा सापडत नाही म्हणतंय. फाईलच्या नावात पहिलं अक्षर मोठं आहे आणि यादीत छोटं. मशीनला ते दोन वेगळे वाटतात. आई, नाव जसंच्या तसं हवं. एका अक्षराचा फरक चालत नाही."

हौसाबाईनं अक्षर बदललं. ते लाल गेलं. तिनं पदराला गाठ मारली. नाव जसंच्या तसं हवं.

मग मृदुलानं तिला औषधाच्या दुकानात पाठवलं. हौसाबाई गेली, आणि भांडून रिकाम्या हातानं परत आली.

"औषध कुठंय?"

"घेतलं न्हाई मी. चिठ्ठीवर एक नाव, बाटलीवर दुसरं. मी म्हटलं, मला येडी समजतोस का?"

"अहो आई! डॉक्टर औषधाचं नाव लिहितात, बाटलीवर कंपनीचं असतं. आत तेच असतं. नावाकडं बघायचं नाही, आत काय आहे ते बघायचं!"

"हे आधी सांगायचं न्हाई का?" हौसाबाई म्हणाली. पहिली गाठ सोडली, दुसरी मारली. शेवटी तिचे मालक, गणपतराव, निमूटपणे जाऊन ते औषध घेऊन आले. गणपतराव सगळं निमूटपणेच करायचे. त्या घरात दुसरा मार्ग नव्हता.

दुपारी मृदुला म्हणाली, "आता सेटिंगची फाईल जोडा. दोन आहेत. एक डेअरीची, एक माझ्या चाचणीची. डेअरीची घ्या."

हौसाबाईला दोन्ही दिसल्या. नावं वेगळी होती. पण नावाकडं कोण बघतं आता? तिनं दोन्हींच्या आत पाहिलं. आत तशाच ओळी, तसेच आकडे. आत सारखंच आहे म्हटल्यावर जी हाताला आधी लागली ती तिनं जोडली.

तेवढ्यात बाळकूतात्या चौकशीला आले. "काय हौसावैनी, व्हतंय का संध्याकाळपर्यंत? का सांगू प्रफुल्लला?"

"प्रफुल्लला सांगा, घरी झोपून राहा." हौसाबाईनं बटण दाबलं. सुनेनं घरी आणून ठेवलेल्या छोट्या प्रिंटरमधून पावती आली. "ही घ्या, तुमच्या नावाची पहिली पावती."

तात्यांनी चष्मा लावला. पावतीवर लिहिलं होतं, 'सभासद: दोडका. दूध: उणे चार लिटर.'

तात्यांनी पावती उलटी करून पाहिली, परत सरळ केली. "दोडका," ते म्हणाले. मग पावतीची घडी करून खिशात ठेवली आणि चहा न घेता गेले.

"आई, ती चाचणीची फाईल होती!" मृदुलानं कपाळावर हात मारला. "त्यात मी खोटी नावं टाकलीत. भाज्यांची."

"आधी सांगायचं न्हाई का?"

सेटिंग बदलली. तरी मशीन अडून बसलं. मृदुला म्हणाली, "आता एकच उपाय. तो सगळ्यात मोठा फोल्डर दिसतोय? तो पुसून टाका. बेधडक. त्यात आपलं काही नाही, ते सगळे बाहेरून आणलेले तुकडे आहेत. नीट आले नसतील. पुसले आणि परत मागवले की आपोआप येतात."

हौसाबाईनं भीत भीत पुसला. सुनेनं सांगितलेली अक्षरं दाबली. आणि काय नवल! फोल्डर आपोआप भरला. अगदी पहिल्यासारखा, आणि बिघाडसुद्धा गेला. हौसाबाईला हे फार आवडलं. तिनं घट्ट गाठ मारली. बाहेरून आलेलं बेधडक टाकायचं, परत येतं.

मग ती चहा करायला उठली, तर फडताळात मुंग्या. मुंग्या लागल्या होत्या लोणच्याच्या बरणीला. ते लोणचं मृदुलाच्या माहेरहून आलेलं. म्हणजे बाहेरून. हौसाबाईनं ते उकिरड्यावर ओतलं, बरणी घासली, पुसली आणि झाकण काढून ओट्यावर ठेवली. स्वतः समोर बसली.

बरणी काही भरेना.

"मृदुला, ह्याला किती वेळ लागतो गं?"

"कशाला?"

हौसाबाईनं सांगितलं. मृदुला पट्टी काढून उठून बसली. त्या लाल डोळ्यांनी तिनं असं पाहिलं, की हौसाबाई पहिल्यांदाच जरा मागं सरली.

"आईनं वर्षाचं घालून दिलं होतं! काहीही करायच्या आधी थोडं बाजूला काढून ठेवायचं ना! एक जोड तरी ठेवायची!"

"हे आधी..."

"बोलू नका!"

 हौसाबाईनं गाठ मात्र मारली. काहीही करायच्या आधी एक जोड ठेवायची.

दिवस कलायला आला होता. मृदुलानं शेवटचं सांगितलं. "वजनाच्या तुकड्यात एक ओळ चुकली आहे. ती तेवढी काढा. बटण दाबा. लाल आलं तर मला उठवा. पिवळं आलं तर सोडून द्या, ती मशीनची नुसती कुरकुर असते. हिरवं आलं की डेअरीच्या मशीनला पाठवा." तिनं डोळ्यांत औषध घातलं आणि तिला झोप लागली.

हौसाबाईनं गाठ पाहिली. ओळ काढायच्या आधी तिनं अख्ख्या वजनाच्या तुकड्याची एक जोड केली आणि त्याच फोल्डरमध्ये, पहिल्याच्या शेजारी ठेवली. यादीत ह्या दुसऱ्या तुकड्याचं नाव नव्हतं. बिचाऱ्याला का वगळायचं म्हणून यादीतही लिहिलं. मग चुकलेली ओळ काढली. दोन्हीकडून काढली. हौसाबाई काम अर्धवट ठेवणारी नव्हे.

बटण दाबलं. पिवळं आलं. बरंच पिवळं आलं. 'एकच गोष्ट दोनदा आहे, दोनदा आहे' असंच काहीतरी मशीन कळवळून सांगत असणार. हौसाबाई म्हणाली, "कुरकुर." आणि मग हिरवं आलं. तिनं ते डेअरीला पाठवून दिलं, आणि हिरवी साडी नेसून स्वतःही निघाली.

डेअरीपुढं रांग लागली होती. पहिला नंबर झुंबरमावशीचा. तिची म्हैस आटत आलेली, चरवीत जेमतेम दोन लिटर. काट्यावर ठेवलं आणि पावती आली, चार लिटर. मावशीनं पावती पाहिली, चरवी पाहिली, आणि म्हशीला मनातल्या मनात हात जोडले. पुढच्याचं पाचाचं दहा झालं. त्याच्या पुढच्याचं आठाचं सोळा. कुणी काही बोललं नाही. नुसते सगळे हसऱ्या चेहऱ्यानं घरी पळाले आणि चहाला ठेवलेलं, मांजराला ठेवलेलं, विरजणाला काढलेलं असं सगळं दूध घेऊन परत रांगेत आले.

"बघा!" हौसाबाई म्हणाली. "माझ्या सुनेचा प्रोग्राम! माणसं दोनदा दोनदा येऊ लागली!"

मग टँकर आला. कागदावर टाकी काठोकाठ भरली होती. तात्यांनी झाकण उघडून पाहिलं. टाकी अर्धी होती.

प्रफुल्ल तिथंच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं मशीन उघडलं. "वजनाचा तुकडा दोनदा घातलाय, दाजी. दोघंही वजन करतात आणि मशीन बेरीज करतं. मी म्हणत होतो ना, सासरी राहून प्रोग्राम लिहिता येत नाहीत."

तात्यांनी खिशातली दोडक्याची पावती काढली, पाहिली आणि परत ठेवली. "ज्यानं हे केलं, त्याचा हात ह्या कामाला पुन्हा लागणार नाही. मृदुला, पोरी, वाईट वाटतं. पण..."

मृदुला गणपतरावांचा हात धरून तेव्हाच आली होती, काळा चष्मा लावून.  हौसाबाईला एकच दिसलं. आता ही पुण्याला जाणार. मग तिचा आवाज फुटला.

"माझी सून असलं करणार न्हाई! हे कुणी तरी मुद्दाम केलंय. हा इस्त्रीवाला मगापासून इथंच घुटमळतोय!"

"मावशी, उगाच आळ घेऊ नका," प्रफुल्ल म्हणाला. "मशीनला सगळं माहीत असतं. कुठली ओळ कुणी लिहिली, ते नावासकट दाखवतं."

"मग दाखव की! भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दाखव! सगळ्या गावाला दिसू दे! तात्या, ज्याचं नाव निघंल त्यानं महिनाभर गावातल्या म्हशींचं शेण काढायचं. कबूल?"

"कबूल," गाव एका आवाजात म्हणालं. ज्यांच्या म्हशी जास्त होत्या ते जरा मोठ्यानं म्हणाले.

"आई," मृदुला हळूच म्हणाली, "डेअरीचं मशीन नवं आहे. पहिल्यांदा पाठवताना ते विचारतं, तुम्ही कोण, पूर्ण नाव सांगा. तुम्हाला विचारलं?"

"विचारलं की."

"मग काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं. खोटं कशापायी लिहू? पण पूर्ण नाव म्हंजे मधी ह्यांचं नाव आलं. बाईमाणसानं मालकांचं नाव नुसतंच कसं घ्यायचं? रीत हाय का ती?"

"आई, टीव्ही बंद करायला सांगा," मृदुला म्हणाली. पण ती हसत होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

प्रफुल्लनं बटण दाबलं. भिंतीवर वजनाच्या दुसऱ्या तुकड्याच्या ओळी दिसायला लागल्या. आणि प्रत्येक ओळीच्या शेजारी, वरपासून खालपर्यंत, जिनं ती लिहिली तिचं नाव. मृदुलाशेजारी उभ्या असलेल्या गणपतरावांनी टोपी डोळ्यांवर ओढली. सगळं गाव मोठ्यानं, एका सुरात वाचायला लागलं:

"दारात पडला उन्हाचा कवडसा, गणपतरावांचं नाव घेते खरमाट्यांची हौसा!"