अंड्यांपाशी उभी राहिलेली टिटवी

ऐन वेळी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून बसले तर? कोर्टात माझी बाजू मलाच मांडायची आहे, आणि या धसक्यानं काल डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी लेकीला एक गोष्ट सांगितली. खरं तर स्वतःलाच सांगत होते. लहानथोरांनी ऐकायला हरकत नाही.

फार फार जुन्या काळी, रानाला कायदा होता आणि तो तुडवणारेही होते, तेव्हा नदीकाठच्या माळावर एक टिटवी राहत असे.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच. कोणी जवळ आलं की ती लांब पळते आणि तिथं जाऊन आकांत करते. येणारा आवाजामागे जातो, अंडी वाचतात. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

एके दिवशी माळावर लोळायला गवा आला. टिटवी लांब जाऊन ओरडली. गव्यानं मान वळवली नाही. मग ती धावत त्याच्या नाकासमोर आली.

"अरे, बाजूला हो! इथं माझी अंडी आहेत!"

"मला तर खडे दिसतायत," गवा म्हणाला आणि लोळला.

एक अंडं फुटलं. तीन उरली.

"जागा झकास आहे," गवा उठत म्हणाला. "रोज येत जाईन."

रानाचा न्याय म्हातारी हत्तीण करायची. टिटवीनं तिच्याकडे दाद मागितली. गव्यानं आपल्या बाजूनं बोलायला पोपट आणला. टिटवीच्या बाजूनं टिटवीच.

"काय झालं, सांग बाई," हत्तीण म्हणाली.

"काय झालं? या रेड्याला विचारा! याच्या बापानं पाणवठा गढूळ केला, याच्या भावानं गवत तुडवलं, आणि तेव्हा तुम्ही सगळे गप्प बसलात! तुम्हीसुद्धा, आजी!"

हत्तिणीनं कान हलवले. पोपट गोड आवाजात म्हणाला, "आजीसाहेब, तिथं अंडी नव्हतीच. बाईंनी कुणाला काही सांगितलंही नाही. आता स्वभावाला औषध नाही. या पाय वर करून झोपतात. आभाळ पडलं तर झेलायला!"

रान खदाखदा हसलं. टिटवी पोपटावर धावून गेली. "तुझ्या चोचीत कुणाची मिरची आहे ते ठाऊक आहे मला!"

"पुरे!" हत्तीण म्हणाली. "एवढं बोललीस, पण अंड्यांबद्दल एक शब्द नाही. उद्या शेवटचं ऐकेन. तोवर गव्यानं माळावर पाय ठेवायचा नाही."

नदीवर कासवीण भेटली. "छान ओरडलीस," ती म्हणाली. "पण अंडी कुठे आणि तू कुठे?"

"माझा राग खोटा आहे का?"

"खरा आहे गं. मग त्याला लांब कशाला पळवतेस? अंड्यांपाशी उभा कर."

"जागा दाखवली तर मुंगसालाही कळेल!"

"आणि नाही दाखवलीस तर? हत्तिणीनं काय खड्यांना न्याय द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी टिटवी एवढंच म्हणाली, "आजी, माझ्याबरोबर चला." ती उडाली नाही. सगळ्या रानादेखत चालत माळावर गेली आणि थांबली.

"ही माझी तीन अंडी. हे चौथ्याचं कवच. मी याला सांगितलं होतं. तरी हा इथं लोळला."

"आज आभाळाला सुट्टी वाटतं?" पोपट म्हणाला. पुन्हा हशा.

टिटवीच्या मानेवरची पिसं उभी राहिली. पण तिनं पोपटाकडे पाहिलं नाही.

"लोळण्याआधी सांगितलं होतंस?" हत्तिणीनं विचारलं.

"हो."

आणि ती गप्प राहिली. ती शांतता गव्याला सोसेना.

"हो, सांगितलं होतं!" तो डाफरला. "पण टिटवीचं बोलणं कोण मनावर घेतं?"

पोपटानं पंखात तोंड खुपसलं.

"मी घेते," हत्तीण म्हणाली. "माळ टिटवीचा. आणि गव्या, पिल्लं उडेपर्यंत मुंगूस इकडे फिरकणार नाही, हे तू बघायचं. लांब उभा राहून."

गवा मान खाली घालून गेला. पोपटाला मिरची मिळाली नाही. मग टिटवी पार नदीपलीकडे गेली आणि मनसोक्त ओरडली.

बोध: राग खरा असेल तर जिथं घाव बसला तिथंच तो उभा करावा, भलतीकडे ओरडलं की खरी बाजूही हरते.

लेकीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आई, गवा सॉरी म्हणाला का?"